त्या एका पायावर रंग धरत नाही

झाशी,
गुरुवार, ८ ऑगस्ट १९९१

प्रिय लीला,

सप्रेम नमस्कार. बरुआसागरची हवा तुला मानवली का? वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे आईला ऐकू कमी येतं, बाकी ती खणखणीत आहे. "लीला हल्ली का येत नाही गं?" असं दर रविवारी विचारते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहिते आहे ती रंगाबद्दल. हसू नकोस, मी अगदी रडकुंडीला आले आहे.

शाळेतलं आपलं मछलीघर पंधरा ऑगस्टला पुन्हा मांडायचं आहे. काचेची नवी पेटी आली. बडी बहनजी ऑफिसात बोलावून म्हणाल्या, "प्रमोदिनीजी, स्टँड वही रहेगा, बस रंगवा लीजिए." शिपाई यशवंत रंगवायला तयार होता, पण मी त्याला हात लावू दिला नाही. मीच करते म्हटलं. आठ दिवस झाले, शाळा सुटली की प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात ते लाकडी स्टँड उलटं घालून बसते.

मानिक चौकातल्या रंगवाल्यानं आधी तांबडा प्रायमर दिला. दोन हात मारून झाल्यावर कळलं, तो लोखंडाचा! परत गेले तर म्हणतो, "बहनजी, आपने लकड़ी बोला ही नहीं." मी तीनदा सांगितलं होतं. सगळा खरवडून काढला, बोटांची सालं निघाली. मग लाकडाचा गुलाबी आणला. शेजारचा दुकानदार म्हणे, पाण्याजवळ गुलाबी चालत नाही, पांढरा घ्या. तिसरा म्हणे, रंग हवाच कशाला, चपड्याचं पॉलिश करा. चपड्यावर पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात हे तर आपण दोघी पहिल्याच वर्षी शिकलो होतो! वरचा रंग तपकिरी घ्यावा तर बडी बहनजींना आसमानी हवा.

पण खरा वैताग निराळाच. तीन पायांवर प्रायमर छान बसला. चौथ्यावर बसतच नाही. आज लावावा तर उद्या फोड, परवा पापुद्रे. रेगमालाच्या खरखरीत कागदानं घासलं, तारपिनानं पुसलं, ऊन दाखवलं. ऊन तरी कुठलं या दिवसांत! पुन्हा लावला, पुन्हा तेच. काल संतापून ब्रश फेकला तो भिंतीवर बसला. आता भिंतही पुसायची.

तू पहिल्यांदा रंगवलंस तेव्हा अस्तर कुठलं लावलं होतंस? तुला नक्की आठवत असेल. कळव.

सोमवार, १२ ऑगस्ट

इथवर लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. अस्तराचं नाव आता नको. पुढचं मात्र पूर्ण वाच.

शनिवारी वामनभैया सुताराला बोलावलं. त्यानं त्या पायावर पेचकसाचं टोक टेकवलं ते मुठीपर्यंत आत गेलं. म्हणाला, "जिज्जी, जा तो कबकी सड़ी है. पुट्टी भरकें काऊ ने ऊपर सें रंग पोत दओ. कौन ने करो जो काम?"

मी म्हटलं, "पता नहीं, भैया."

लीला, ते मीच केलं होतं.

गेल्या दिवाळीआधी तू मला म्हणाली होतीस, "प्रमोदिनी, मागचा डावा पाय मऊ लागतोय, बदलून घे." सुतार दोनदा बोलावूनही आला नाही. सुट्टी तोंडावर होती. मी कंटाळा केला. भोकं लांबीनं बुजवली, वर तपकिरी ऑइल पेंट मारला आणि सुट्टीनंतर तुला सांगितलं, पाय बदलून घेतला. तू हात फिरवून म्हणालीस, "वा, ओळखूसुद्धा येत नाही!"

फेब्रुवारीत तुझा सातवीचा तास चालू असताना ते स्टँड कोसळलं. त्या वेळी तू दारात नोटीस वाचत होतीस, मिनिटभर. अहिल्येच्या पावलाला अकरा टाके पडले. सगळ्यांना वाटलं, स्टँडचा पाय पडताना मोडला; यशवंतनं तो खिळे मारून तसाच जोडला, आत कुणी पाहिलं नाही. चौकशी कमिटीनं मला विचारलं, "स्टँड ठीक था?" मी म्हटलं, "जी, दिवाली में मरम्मत करवाई थी." आणि तू, तुझ्यावर बालंट येत असताना, माझी बाजू घेऊन म्हणालीस, "हाँ, इन्होंने पाया नया लगवाया था." मुलींनी ढकललं असणार, बाई लक्ष देत नव्हत्या, असं ठरलं. अठरा वर्षांची नोकरी सोडून तू गेलीस. स्टेशनवर पोचवायलासुद्धा मी आले नाही.

काल अहिल्येच्या घरी गेले. पोर आता नीट चालते, पण बूट घातला की दुखतं म्हणते. तिची आई म्हणाली, "लीला दीदी से ऐसी उम्मीद नहीं थी." तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला.

आज सकाळी बडी बहनजींना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "अब क्यों? मामला तो दब गया था. आपकी नौकरी जा सकती है, समझती हैं?" मी हो म्हटलं. "पंद्रह अगस्त के बाद देती!" म्हणाल्या. त्यांचंही चिडणं खरंच होतं. शेवटी कागदावर शिक्का मारला, तारीख घातली आणि शाळेच्या मॅनेजरसाहेबांकडे पाठवला. कार्बन प्रत सोबत जोडली आहे. ती जपून ठेव, फाडू नकोस. तुला परत बोलावतील असं बडी बहनजी म्हणाल्या. खात्री नाही दिली. मला उद्यापासून घरी बसायला सांगितलं आहे.

स्टँडला वामनभैया नवा सागवानी पाय लावतो आहे. त्यालाही खरं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "अब सूखन दो जिज्जी, जल्दी ना करो." पंधरा ऑगस्टला मछलीघर काही मांडलं जाणार नाही.

आईला अजून सांगायचं आहे. तिला मोठ्यानं ओरडून सांगावं लागेल आणि शेजारी ऐकतील. ऐकू देत.

मला क्षमा कर असं लिहून खोडलं. ते मागायला मी बरुआसागरला येईन. तू दार उघडलं नाहीस तर पुढच्या बसनं परत जाईन. मात्र शाळेचं बोलावणं आलं तर माझ्यावरच्या रागापायी नाही म्हणू नकोस.

'तुझी' लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतंच,

प्रमोदिनी