पोट नसलेला पापुद्रा

१४ फेब्रुवारी १९९६, सांगली. सकाळी कॉलेजात दोन तास शिकवले, दुपारी प्रयोगशाळेत बसले. एका नमुन्याचं मोजमाप बिघडलं. पाचला सगळे घरी गेले, मी एकटी थांबले.

आबा, एका काळ्या चमकदार खनिजावर चिकटपट्टी लावून मी त्याचे पापुद्रे सोलते, भाकरीचा पापुद्रा तुम्ही अलगद उचलायचात तसे. पापुद्रा जितका पातळ, तितकी त्यातली वीज लहरी. दमट हवेतली वाफ वर बसली, तरी ती वीज नेणारे कण धरून ठेवते आणि मीटरचा काटा खाली येतो. भोवतालची हवा काढून हलकं तापवलं, की पुन्हा चढतो. त्या काट्याकडे बघत राहिलं की कोयनानगरचं आपलं क्वार्टर दिसायला लागतं. दारात धुकं आहे, तुमचे हात तेवढे दिसतात. मांडीवर फडकं, फडक्यात पुसायला घेतलेला पॉवर हाऊसातल्या तारांचा तांब्याचा जोड. मी बोट लावते.

"लावलास का हात? आता रुसती बघ वीज. आपण कुणाचं सोवळं मानत न्हाई, पर हिचं तेवढं मानायचं."

पुढे मी बी.एस्सी.ला गेले. एकदा तुमच्याबरोबर काम करणारे दोघे चहाला आले होते. तुम्ही म्हणालात, "वीज जोडाच्या कातडीवरच्या मळाला अडती. पोटात तिला वाट मोकळीच हाय." मी पुस्तकातलं बोलले, "वरच्या मळानं काही होत नसतं, आबा. वीज पोटातूनच जाते."

"घ्या मिस्त्री! लेकीनं शाळा घेतली की तुमची!" पाहुण्यांतला एक म्हणाला आणि दोघे हसले.

तुम्हीही हसलात आणि कप उचलून आत गेलात. त्यानंतर विजेचं तुम्ही मला कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

माझ्या पापुद्र्याला पोटच नाही, आबा. आहे ती सगळी कातडी. तिच्यावर काय बसलंय, त्यावरच सगळं ठरतं.

हे वहीच्या मागच्या पानावर लिहितेय, पाठवणार कुठे? पुढच्या पानावर मी बिघाडाचं कारण लिहिलंय, 'दमट हवा'. फेब्रुवारीत सांगलीची हवा कसली दमट. पापुद्र्याला माझं बोट लागलं होतं, आणि बोटाचं तेल तापवूनही जात नाही. 'दमट हवा' खोडून 'बोट लागलं' असं लिहिलं, फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं आणि बोटं पुसत बसले.