आधीच्या धाडींचं काय

वॉशिंग्टन, ऑक्टोबर

प्रिय लेशेक,

हल्ली तुझा फोन आला की मी आधी घोटभर पाणी पिते. रागावू नकोस, पण तू बोलतोस कमी आणि टोचतोस जास्त. उन्हाळ्यात म्हणालास, "तू तिथे कायदे करतेस ना ताई, मग एक माझ्यासाठी कर." मागून आई म्हणत होती, तिला धड जेवू तरी दे. त्या दिवशी मी खरंच जेवले नाही.

मी कायदे करत नाही रे. सिनेटर टॉल्बर्टबाईंच्या समितीत मी वकील आहे. नाव त्यांचं, घाम आमचा. दुसऱ्याच्या छापाचा नकली माल विकणाऱ्यावर आगाऊ न कळवता धाड घालता यावी, हे या विधेयकाचं मूळ. आणि ते हवंच आहे. नकली ब्रेकमुळे जिची गाडी उलटली त्या मुलीचे वडील समितीसमोर येऊन बसले, तेव्हा मला क्षणभर तुझी बाजूही आठवेना. पण तुझे ब्रेक खरे होते. बंद पडलेल्या कारखान्याचा उरलेला माल तू रीतसर घेतलास, ज्या कंपनीचा त्यावर छाप होता तिने न्यायाधीशाला तो नकली म्हणून सांगितलं, आणि न्यायालयाचे मार्शल येऊन बफेलोतलं दुकान रिकामं करून गेले. पुढे माल परत आला, गिऱ्हाईक आलं नाही. आई सांगते, तू त्यांना एवढंच म्हणालास की एकदा विचारायचं तरी होतं.

म्हणून मी एक कलम लिहिलं: धाड चुकीची निघाली तर ती घालायला लावणाऱ्याने भरपाई द्यायची. माझा भाऊ यात पोळलाय हे टॉल्बर्टबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग कुठे दुखतं ते तुला ठाऊक असेल, लिही. चालू खटल्यांनाही हे लागू होईल, अशी ओळ मी त्यात घातली. ती तुझ्यासाठी होती, त्या कंपनीवर तू केलेल्या खटल्यासाठी. जुन्या कायद्यात तुझ्या हाती काही लागणार नाही, हे तुझा वकील कधीचा सांगतोय.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि अधिवेशन संपत आलं. शेवटच्या दिवसांत इथे मतं घ्यायला कुणाला वेळ नसतो. कुणाचीच हरकत नसेल तर विधेयक पार, आणि शंभर सिनेटरांतला एक जरी उठला तरी मेलं. तो एक निघालाच. त्याचा वकील ग्रेडी पेपरमिंट चघळत माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "भरपाई ठेवा बाई, पण मागचं उकरायचं नाही. नाहीतर आमचे साहेब उठून उभे राहतील." मी भांडले. चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा मी भांडते, तुला माहीत आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा सांगितलं. मग टॉल्बर्टबाईंनी मला आत बोलावून दार लावलं. "तुझ्या भावाला सोडून बाकीच्यांना वाचवायचं, की सगळ्यांनाच बुडवायचं? मी नाही सांगणार. तू सांग."

ती ओळ मी खोडली. पण ग्रेडीचं तेवढ्याने भागेना. कायद्याचा अर्थ लावताना न्यायाधीश सभागृहातलं बोलणं काढून वाचतात, म्हणून जुन्या धाडींना हे लागू नाही, असं त्याला छापील नोंदीत हवं होतं. अशा वेळी दोन सिनेटर एकमेकांशी सवाल-जवाब करतात आणि दोघांचेही कागद आमच्यासारखेच कुणीतरी लिहून देतात. आज दुपारी त्याच्या साहेबांनी विचारलं, "आधी पडलेल्या धाडींना ही भरपाई लागू होईल का?" टॉल्बर्टबाई म्हणाल्या, "नाही." कुणाचीच हरकत नव्हती. विधेयक पार झालं.

लेशेक, हे छापून येईल, तुझा वकील वाचेल आणि तुझा खटला तिथेच संपेल. त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय. तो प्रश्न मी लिहिला आणि उत्तरही मीच लिहिलं. उत्तरात आधी तीन मऊ ओळी होत्या, न्यायालयाने योग्य ते पाहावं अशा. ग्रेडीला त्या चालणार होत्या. मीच त्या काढल्या. तेवढ्या धाग्यावर तू आईचं घर विकून आणखी दहा वर्षं लढत बसला असतास, हे मला माहीत होतं. आईला मी सांगू की तू सांगतोस, एवढं कळव.

तुझीच,
हालिना