बारशाला जाणारा गव्हर्नर

सर, तुमचा गव्हर्नर परत निवडून आला. तोच, ब्राझीलच्या त्या कोरड्या राज्यातला, ज्याचं राजकारण संपलं असं तुम्ही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छातीठोकपणे लिहून ठेवलंत. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी निकालाच्या दिवशी मी डब्लिनच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी नव्हे. तुम्ही तोंडघशी पडलात म्हणून.

तो रविवार मी विसरलेले नाही. बाहेर बर्फ आहे, ओहायोत शिकणारी आम्ही मराठी मुलं नेहमीसारखी तुमच्याकडे जेवायला आलोय. काकू पोळ्या लाटतायत, मी भाजतेय आणि भाजता भाजता तुम्हाला सांगतेय. मी नुकतीच ब्राझीलमधून माझ्या पीएचडीच्या मुलाखती घेऊन परतलेय. औषधाचं दुकान चालवणारा हा माणूस नगराध्यक्ष झाला, मग आमदार, मग गव्हर्नर. शिक्षकांचा संप चिघळला आणि पुढच्या निवडणुकीत सपाटून पडला. पण पडल्यानंतरच्याच रविवारी मी त्याला एका खेड्यातल्या चर्चमध्ये पाहिलं, हातात कुणाचं तरी बाळ. तिथे बाप्तिस्म्याला, म्हणजे त्यांच्या बारशालाच म्हणा, बाळाला एक धर्मपिता लागतो आणि ते नातं जन्मभराचं असतं. लोक हौसेने पुढाऱ्याला धर्मपिता करतात, आणि खुर्ची गेली की पुढारी फिरकत नाहीत. हा फिरकत होता. "सर, हा परत येणार," मी म्हणाले. तुम्ही खो खो हसलात. "अगं, बारशाला जाऊन कोणी गव्हर्नर होतं का? ती थिअरी कॅन्सल कर. आणि पोळी बघ, करपतेय." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याची मला आजही चीड येते.

तुम्हाला पोर्तुगीज धड येत नव्हतं. त्या राज्यात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाहीत. तरी गव्हर्नरवरचं पुस्तक तुमचं झालं, त्यातल्या मुलाखती माझ्या होत्या, आणि ऋणनिर्देशात माझ्या नावापुढे तुम्ही लिहिलंत, 'रविवारच्या चहासाठी'. माझा पीएचडीचा विषय मात्र, गाईड म्हणून, बदलायला लावलात. एका घरात एकच गव्हर्नर पुरे, म्हणालात. मग मी नगरपालिकांच्या पाणीपट्टीवर पीएचडी केली, आणि त्यानंतर नोकरीच्या कुठल्याही मुलाखतीत माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही.

आता निकालामुळे तुमच्या पुस्तकाला पुन्हा मागणी आली. नवी आवृत्ती तयार करायला प्रकाशकाने मलाच सांगितलं. काकूंचा फोन आला. "मी परमिशन दिलीय गं. फक्त ते शेवटचं वाक्य जरा चेंज कर. कोण चेक करतंय? ह्यांचं हसं नको व्हायला." काकूंनी माझं कधी वाईट केलं नाही. मी "बघते, काकू" म्हटलं आणि तुमच्या वाक्याचा स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. ते तसंच राहू दिलं, आणि पुढचं पान उलटलं की माझं प्रकरण सुरू होतं, माझ्या नावानं. त्यासाठी मी पुन्हा तिकडे जाऊन आले. ती बाळं आता मोठी झालीत, मतदार झालीत. गावोगावी त्यांनीच याचा प्रचार केला. एक मुलगी मला म्हणाली, "तो पडला होता तेव्हाही माझ्या वाढदिवसाला यायचा. आता आमची पाळी." आणि ऋणनिर्देशात मी तुमचे आभार मानलेत, सर. रविवारच्या आमटीसाठी.

पहिली प्रत काकूंना द्यायला मी स्वतः ओहायोला गेले. त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं, मग आभाराचं पान वाचलं. मला वाटलं, आता दार दाखवतील. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "आमटी मी करायचे गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना तर साधं मीठ घालता येत नव्हतं." आणि हसायलाच लागल्या. आम्ही दोघी तुमच्या टेबलाशी बसून, तुमच्या फोटोसमोर, पोट दुखेपर्यंत हसलो. इतकं गोड मला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

हे पत्र मी कुठेही ठेवणार नाही, फाडून टाकणार आहे, कारण यातली एक गोष्ट काकूंनाही कळायला नको. तुम्ही असतात, आणि फोन करून एकदा नुसतं "ते वाक्य बदलतेस का गं?" एवढं विचारलं असतंत, तर मी बदललं असतं.