चौथी अट

अकोला, ३ फेब्रुवारी १९५८
आज मामा ऑफिसात आले. बडनेऱ्याहून, पहाटेच्या पॅसेंजरने. धोतराला सुताची कुसळं तशीच! सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचारलं, "देवमन, शाळेच्या सतरंजीचं टेंडर कोन्या भाषेत लिवा लागते रे?"

सगळे क्लार्क वळून पाहायला लागले. मी मान वर न करता म्हणालो, "बाहेर नोटीस लावली आहे. वाचून घ्या."

वाचून घ्या! ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांना. ज्यांनी माग चालवून मला मॅट्रिक केलं त्यांना. नोटीस इंग्रजीत. चौथी अट मीच टाइप केलेली — इंग्रजीखेरीज इतर भाषेतलं टेंडर विचारात घेणार नाही.

५ फेब्रुवारी
रविवारी बडनेऱ्याला जाऊन मामांना ती अट सांगावी.

१० फेब्रुवारी
गेलो नाही. कपडे धुतले, झोपलो.

२१ फेब्रुवारी
टेंडरं उघडली. पद्धत अशी की सर्वांदेखत पाकिटावरची लाख फोडायची आणि दर मोठ्याने वाचायचे. मामांचं तिसरं निघालं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं स्वच्छ मराठी, खाली मामांचा अंगठा. दर सगळ्यांत कमी — मला दिसला. हेडक्लार्क वामनरावांनी तो वाचलाच नाही. म्हणाले, "देवमन, चौथी अट वाचा."

मी वाचली. इंग्रजीत, खणखणीत. समोर मामा उभे. ऐकता ऐकता हसले, शेजारच्याला म्हणाले, "माह्यावालंच वाचून राह्यला. भाचा हाय माहा!"

मग मला हात जोडले. मला!

खरं काय ते त्यांना व्हरांड्यात चपराशाने सांगितलं. मी टेबलावरून उठलो नाही.

२२ फेब्रुवारी
काम अकोल्याच्या व्यापाऱ्याला मिळालं. त्याचा मुनीम इंग्रजी जाणतो. सतरंजी त्याने उभ्या जन्मात विणलेली नाही. नोटिशीवर आहे — टेंडर सर्वांस खुले. खुलं कसलं! दार उघडं आणि उंबरा छातीएवढा. सरकार जास्त मोजेल, पोरं पातळ सतरंजीवर बसतील, आणि ती अट माझ्या बोटांनी टाइप केली.

१७ जून
मामींचा निरोप — अकरापैकी सात माग बंद. माणसं रस्त्यावर खडी फोडायला जातात. मामा ऑफिसबद्दल अवाक्षर काढत नाहीत म्हणे. त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.

१८ जानेवारी १९५९
एकदाचा बडनेऱ्याला गेलो. पंचफुलामामींनी भाकरी वाढली आणि चुलीकडे वळल्या. मीच विषय काढला — नवी नोटीस लागली आहे, अट तीच. मी इंग्रजीत लिहून देतो.

मामा म्हणाले, "तुही नोकरी जाईन ना बापू?"

"नाही जात."

जाऊ शकते. ऑफिसातल्या क्लार्कने कोणाचं टेंडर लिहून द्यायला मनाई आहे. मामांना तेही कळलं असावं. कागद मात्र त्यांनीच पुढे सरकवला. मी लिहिलं, त्यांनी अंगठा उठवला. यंदा उरलेले चार माग तरी वाचावेत.

१२ फेब्रुवारी
वामनरावांनी मामांचं टेंडर उघडलं. थांबले. चष्मा पुसला. "हे अक्षर ओळखीचं वाटतं. कोणाचं?"

मी रजिस्टरात मान घातली. पुन्हा! वर्षभर जळलो, आणि ऐन वेळी तोच भित्रा मी.

मामा पुढे झाले. "माह्यं हाय साहेब. मीच लिवलं."

वामनरावांनी कागद फिरवून सगळ्यांना दाखवला. खाली अंगठा. ऑफिस खो खो हसलं. मामांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही — मी सापडू नये म्हणून. वामनराव म्हणाले, निकाल उद्या.

१३ फेब्रुवारी
वामनरावांच्या टेबलावर मराठीत लिहिलेला कागद ठेवला. अक्षर माझं. बुधाजी माझे मामा. टेंडर त्यांचं, दोष माझा.

ते म्हणाले, "साहेबांकडे जायचं तर इंग्रजीत लिहा."

म्हटलं, "नाही. मामा बाहेर उभे आहेत. आधी त्यांना वाचून दाखवायचं आहे."