अण्णांच्या ओठांच्या दोन गाठी

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. तुझी चिमुरडी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला घाबरून त्या खोलीत जात नाही, म्हणून तू अण्णांचा हसरा फोटो मागितलास, त्याची ही हकीकत. आपल्या वडिलांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे कॅमेऱ्याकडेही ते चूक शोधत असल्यासारखेच बघतात. तेव्हा मी माझ्या फोटो स्टुडिओतल्या नव्या सॉफ्टवेअरला हात घातला. ते फोटोवर जाळी पसरतं. जाळीची गाठ ओढली की खालचा चेहरा ओढला जातो. ओठांच्या दोन गाठी वर सरकवल्या आणि अण्णा हसले. (माझ्याच अंगावर काटा आला.) पण रेंडरची, म्हणजे बदललेलं चित्र पक्कं करण्याची, क्वालिटी 'कच्ची'वर होती, म्हणून हसू पायऱ्यापायऱ्यांचं निघालं. 'मध्यम' केली, तर मिशी दुभंगली. शेवटी जाळी बारीक केली, क्वालिटी 'सर्वोत्तम' केली, आणि कॉम्प्युटर असा घुमू लागला की शेजारचा शिंपी, गिरणी टाकलीस का, म्हणून विचारून गेला. तीन तासांनी फोटो छापला, टेबलावर ठेवला आणि चहाला गेलो.

परत येतो तर खुर्चीत अण्णा, हातात लाल पेन. जाळी ओढताना वाकलेली शर्टाची रेघ, मागच्या दाराची लवलेली चौकट, सगळ्यांवर गोल. हसण्यावर सर्वांत मोठा गोल आणि समासात टीप: 'मूळ प्रतीत नाही.' कसंबसं खरं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोर मला घाबरते?"

मी मान डोलावली.

"मग मूळ प्रतच दुरुस्त करू," म्हणाले आणि कॅमेऱ्यापुढे जाऊन बसले. पहिल्या सात फोटोंत त्यांची दाढ दुखत असावी असं वाटतं. आठव्याला मी स्टँडला अडखळून छत्रीच्या दिव्यासकट आडवा झालो, आणि ताई, अण्णा खदखदून हसले. मी पडल्या पडल्याच हातातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो तिरका आहे, जरा हललाही आहे. पण एकही गाठ ओढलेली नाही. सोबत पाठवतोय.

तुझा,
धाकटा

ता. क. अण्णांना आता हसण्याची गोडी लागली आहे. रोज स्टुडिओत बसून गिऱ्हाइकांना हसायला शिकवतात. पासपोर्टवाल्यांनाही सोडत नाहीत. काल तिघांचे फोटो कचेरीतून परत आले. महिनाभर त्यांना तुझ्याकडे ठेवून घेशील का?

आणखी एक. नाही म्हणायचं असेल तर हळू म्हण. हे पत्र तुझ्या हाती देऊन दारात उभे आहेत, ते अण्णाच.