सरावाचा वरवंटा

चि. मनस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात मी ऑस्ट्रियाला डोंगरातल्या ट्रेकला जाते आहे. चिपळूणची नम्रता आमचा ग्रुप घेऊन जाते आहे. तुझं म्युनिक तिथून रेल्वेने जवळ आहे, हे मला पैसे भरल्यावर कळलं, असं मी सगळ्यांना सांगते.

पाठीवर ओझं घेऊन चढायचा सराव करा, असं नम्रताने सांगितलं. बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या भरल्या. मी वरवंटा घेतला. मिक्सर आल्यापासून तो पडूनच होता. टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये घालते आणि रोज सकाळी भगवतीच्या किल्ल्यावर जाते. गुडघे ठीक आहेत.

परवा शेजारच्या पद्मजावहिनींनी मला तो गुंडाळताना पाहिलं. "अगो, बारसं कुणाचं?" म्हणाल्या. तुला मुलगी झाल्याचं मला त्यांच्याच फोनवरच्या फोटोवरून कळलं होतं. मी सॅकची चेन ओढली. तुझा पत्ताही त्यांच्याकडे आहे. मी अजून मागितलेला नाही, तेव्हा हे पत्र कपाटातच राहील.

बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात. तिकडे कुठून मिळणार? तुम्ही बारसं तसंच उरकलं असेल. तू रागावून गेलीस ते बरोबर की चूक, यावर मला काही लिहायचं नाही.

काल नम्रताचा निरोप आला. सराव संपला, आता सॅकमधलं ओझं काढा, विमानात सामान मोजून न्यायचं आहे.

वजन भरेल म्हणून मी सॅकमधला जाड स्वेटर काढून ठेवला.

तुझी,
आई