वाटीभर डाय

चिकलठाणा, सोमवार

ती. लक्ष्मीमामींना विशाखाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला थांबला का? देवगावला थंडी वाढली असेल, कान बांधून झोपा. फोन केला असता, पण इथं फोनवरचं सगळं आई ऐकते. बाकी आम्ही ठीक आहोत, म्हणजे निदान दिसायला फार तरुण आहोत. त्याचं असं झालं.

आपल्या घरात पदवी पहिली मला मिळाली आणि चोविसाव्या वर्षी पांढरी बटही मलाच. आईच्या मते कारण एकच, पुस्तकं. (बोअरिंगचं पाणी आणि शाम्पू हे किरकोळ आरोप.) मी रक्त तपासून घेतलं. बी-ट्वेल्व्ह जरा कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. बाकी आनुवंशिक, ते केस बहुतेक पुन्हा काळे होत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग लपवायचं कशाला? काल चितेगावच्या कंपनीतले ऋतुराज मला बघायला येणार होते. संसाराची सुरुवात डायनं करायची नाही, असं मी जाहीर केलं.

तोवर आईनं वाटीत डाय कालवला होता. कालवलेला डाय उद्याला राहत नाही, आणि आपल्या घरात काही वाया जात नाही. आधी अण्णांनी लावला, मग आईनं, आणि तळाशी उरलेला आजीनं, श्रीखंडाची वाटी पुसून घ्यावी तसा. आजी आता पाठमोरी बघितली तर कॉलेजला निघाल्यासारखी वाटते.

पाहुणे आले. मी चहा घेऊन गेले. ऋतुराजच्या आईंनी माझी बट पाहिली, पदर सावरला आणि अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही कशाला तकलीफ घेतली, बाई? बसा. पोरीला बोलवा की."

पोरगी हीच, असं अण्णांनी सांगितलं, तेव्हा ऋतुराजच्या आईंची नजर आजीवर होती.

ऋतुराजनी मात्र केस कशानं पिकतात ते विचारलं. मी थायरॉईडपासून सुरुवात केली. त्यांचा चहा गार झाला, तरी ऐकत होते. शेवटी मान वळवून त्यांनी कानामागचे आपले पांढरे केस दाखवले. मी मोजले नाहीत. (तीन होते.)

पण त्यांच्या आईंना माझं वय पटलेलं नाही. येत्या रविवारी थोरल्या जावेला घेऊन त्या पुन्हा येणार आहेत. मी तत्त्व सोडणार नाही. बट आहे तशीच राहील.

तुमची,
विशाखा

ता. क. रविवारी तुम्ही यायलाच हवं. आपल्या गोतावळ्यात पूर्ण पांढरं डोकं आता तुमचंच उरलंय. (मामांचं धरत नाही, तिथं केसच नाहीत.) तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसायचं. यानं तत्त्वाला धक्का लागत नाही, मी विचार केला आहे.

आणखी एक. डायच्या पाकिटावर एक फुकट होतं. ते आईनं आज सकाळी गावाकडं निघालेल्या कडुबाभाऊंच्या हाती तुमच्यासाठी दिलंय, असं आत्ता कळलं. कृपा करून उघडू नका. कालवलंच असेल, तर मामांच्या मिशीला लावा.